चुलीकडची भिंत

"माणूस जातो, भिंत राहते! बादशहा गेले, त्यांच्या फौजा गेल्या, हत्ती गेले. तापीच्या काठावर आज काय उभं आहे? भिंती!"

तहसील कचेरीतले नकलनवीस लीलाधर यांनी हा विचार मांडला तेव्हा ते बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत पाटावर बसले होते, आणि समोरच्या ताटात भाकरी आणि कोरडे तिखट होते.

"उभ्या आहेत ना," त्यांची बायको मनकर्णा म्हणाली, "अन् त्यांच्यात वटवाघळं राहतात. तेल संपलं."

तेल संपणे ही त्या घरात बातमी राहिली नव्हती. समोरच्या मोकळ्या जागेवर लीलाधर घर बांधत होते. शेजाऱ्याचे एकमजली होते, म्हणून यांचे दुमजली. लाकूड खकनारच्या बाजूचे, साग. भिंतींना चुन्याचा गिलावा, तोही असा की त्यात तोंड दिसले पाहिजे. लीलाधरांचे तोंड पाहायला कोणी उत्सुक असल्याचे ऐकिवात नव्हते. पण हौसेला मोल नसते, मोल गिलाव्याला असते.

पगाराची वाटणी त्यांनी सोपी ठेवली होती. आधी घराला, मग उरेल ते संसाराला. उरणे हा प्रकार बांधकामात आजवर कोणी पाहिलेला नाही. पहिल्यांदा तूप गेले. तात्पुरते गेले असे सांगण्यात आले. मग चहा गेला. शेवटी गूळ बंद झाला, तेव्हा लीलाधर म्हणाले, "गोडानं माणूस सुस्त होतो." त्यांची म्हातारी आई भागाबाई म्हणाली, "आता सुस्त व्हायला तरी अंगात काय राह्यलं रे, लीला?"

आणि एका सकाळी दारात हातगाडी उभी राहिली. गाडीवर गुळाच्या भेल्या, उडदाचे पोते, बेलफळांची टोपली. मनकर्णेने हात जोडले. नवऱ्याला उपरती झाली असे तिला वाटले. तेवढ्यात भिकन मिस्त्रीची माणसे आली आणि सगळे उचलून समोर घेऊन गेली.

"अहो, ते कुठं चाललं?"

"चुन्यात," लीलाधर म्हणाले. "गूळ, उडीद, बेलाचा गर. त्याशिवाय चुना धरत नाही. बादशहाच्या वाड्यातसुद्धा हेच घातलंय."

"मालक बरोबर बोलतात, भाभी," भिकन मिस्त्री म्हणाला. "चुना भूखा असतो. त्याला खिलवावं लागतं."

भागाबाई उंबऱ्यावर येऊन बराच वेळ पाहत राहिली. कळण्याच्या भाकरीसाठी ती महिनाभर मूठभर उडीद मागत होती. "गूळ, उडीद, बेलफळ," ती म्हणाली. "काय रे लीला, भिंत बाळंतीण झाली का?"

हे सगळे एकवेळ चालून गेले असते. पण अखाजी आली. अक्षय्य तृतीयेचा हा सण आमच्याकडे लेकीबाळींचा. लेकी माहेरी येतात, झोके घेतात, आणि सासरी परतल्यावर काय खाल्ले ते सांगतात. लीलाधरांच्या कोकिळेची लग्नानंतरची ही पहिली अखाजी होती. जावई स्वतः पोचवायला येणार होते.

"पुरणाचे मांडे करावे लागतील," मनकर्णा म्हणाली. "डाळ पाहिजे, गूळ पाहिजे, तूप पाहिजे."

"कोकिळा परकी आहे का? भाकरी खाईल."

"अन् जावई?"

"जावयांना घर दाखवू."

"घर दाखवून पोट भरत असतं तर मी इतक्या दिवसांत फुगले असते! पोरगी पहिल्या सणाला आली अन् कोरडी भाकर खाऊन गेली, तर तिची सासू जन्मभर ताटात वाढेल ते."

"वरचा मजला होऊ दे. मग पाहू."

मनकर्णेने पदर खोचला आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती समोर बांधकामावर गेली.

"भिकनदादा, तुमचे मालक मला रोज नाही म्हणतात. तुम्हाला कधी म्हटले का?"

भिकनने विचार केला. "नाही भाभी. आजतक नाही."

"मग ती चुलीकडची भिंत जरा जास्त भुकेली होऊ द्या."

संध्याकाळी लीलाधर पाहणीला आले तेव्हा मिस्त्री गालाला हात लावून भिंतीपुढे बसला होता.

"मालक, ही दीवार फार खाते. आणखी गूळ लागेल. अन् हरभऱ्याची डाळ."

"हरभऱ्याची? उडीद चालत नाही?"

"ही चुलीकडची आहे ना. गरमी सोसायची. अन् थोडं तूप. चांगलं."

"तूपही?"

"तडकली तर मला बोलू नका, मालक."

लीलाधर घाबरले. "नाही, नाही, आणा."

"अन् वेलदोडे."

आता मात्र नकलनवीस थबकले. "वेलदोडे कशाला?"

"धुराचा वास धरू नये म्हणून."

नकलनवीसांना हे पटले. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी सगळ्यांना ऐकवले की बुऱ्हाणपुरात वेलदोडा खाणारी भिंत आजमितीला एकच आहे. बडे बाबूंनी चष्मा काढून पुसला.

अखाजीच्या दिवशी लीलाधरांनी जावयांना भर उन्हात घर दाखवले. पाया, चौकटी, जिना, अजून नसलेले छप्पर. चुलीकडच्या भिंतीपुढे उभे राहून तिचा आहार सविस्तर सांगितला. जावई प्रत्येक वेळी "हो मामा" म्हणत होते आणि सावली शोधत होते.

मग सगळे जेवायला बसले. मनकर्णेने ताटात मांडे वाढले. मऊ, पातळ, पदर सुटलेले, वर तुपाची धार, शेजारी आमरस. कोकिळेने आईकडे पाहिले आणि तिचा चेहरा असा काही उजळला की कुठल्याही गिलाव्याला ते जमले नसते.

लीलाधरांनी पहिला घास तोंडात घातला. चावला. थांबले. वेलदोडा होता.

त्यांनी ताटाकडे पाहिले, दारातून समोरच्या भिंतीकडे पाहिले, पुन्हा ताटाकडे पाहिले. मानेच्या शिरा फुगल्या. भागाबाई पटापट खाऊ लागली. पुढे काय होईल याचा भरवसा नव्हता. मनकर्णा तुपाची वाटी घट्ट धरून उभी राहिली.

"या घरात," लीलाधर गरजले, "माझ्या कष्टाच्या पैशाला..."

जावयांचा हात ताटातच राहिला. कोकिळेने घास खाली ठेवला आणि मान खाली घातली.

लीलाधरांनी तिच्याकडे पाहिले. भाषण पुष्कळ मोठे होते. त्यात नीती होती, काटकसर होती, बादशहा पुन्हा येणार होते. ते सगळे त्यांनी घासाबरोबर गिळले.

"...हं," ते म्हणाले. "कुरडई आहे का गं एखादी?"