दाराबाहेरचा बाक

"अहो मास्तर, उठा की! घंटा वाजतेय, ऐकू येत नाही का?"

प्रतोदाने दंडाला धरून ओढलं, तरी मास्तर सभागृहाबाहेरच्या बाकावरून हलले नाहीत. मतदानाची घंटा थांबली की शिपाई दारं लावून घेणार. मग आतला आत आणि बाहेरचा बाहेर. सरकारपक्षाच्या खासदारांना वेळेत आत हाकणं हे प्रतोदाचं काम, आणि आज त्याला घाम फुटला होता. विरोधकांनी अर्थसंकल्पावर कपात सूचना आणली होती. कपात चिमूटभर, पण ती मंजूर झाली असती तर सरकार गडगडलं असतं.

"माझी जोडी लागलीय," मास्तर म्हणाले.

ही संसदेतली जुनी रीत. इकडचा एक आणि तिकडचा एक असे दोघे आपसात ठरवतात, की तुला येता आलं नाही तर मीही मत देणार नाही. दोन्ही पारड्यांतलं एकेक वजन कमी, काटा जिथल्या तिथे. सगळा कारभार तोंडी. शब्द मोडला म्हणून कोणी फासावर चढवत नाही. मास्तरांची जोडी होती विरोधी बाकांवरच्या वकिलांशी. हे वकील सभागृहात मास्तरांच्या पक्षाची सालटी काढायचे आणि लगेच कँटीनमध्ये येऊन मास्तरांच्याच बशीतलं बिस्किट उचलायचे. सध्या ते इस्पितळात होते आणि तिथून परत येण्याची चिन्हं नव्हती.

"अहो, ते ऑक्सिजनवर आहेत! कोण विचारणार आहे तुम्हाला?" प्रतोद म्हणाला. "आज आत आला नाहीत तर पुढच्या निवडणुकीचं तिकीट विसरा. वरून तसं स्पष्ट सांगितलंय."

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. वकिलांची मुलगी होती.

"काका, बाबांनी निरोप दिलाय. जोडी मोडली म्हणाले. आत जा, उगाच माझ्यापायी तिकीट घालवू नकोस म्हणावं त्याला."

प्रतोदाने कान टवकारलेलेच होते. "घ्या! खुद्द त्यांनीच सोडलं तुम्हाला. आता तरी उठाल?"

मास्तरांनी फोन खिशात ठेवला. तिकीट गेलं की काय उरणार, हे त्यांना नीट ठाऊक होतं. गावाकडचं बंद घर, एक रेडिओ आणि दिवसभर न उघडणारं स्वतःचं तोंड. त्याची त्यांना भीती वाटत होती. पण बायको शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मास्तर तिच्या उशाशी आणि वकील या बाकावर, असं अख्खं अधिवेशन गेलं होतं. त्यात एकदा वकिलांचा पक्ष थोडक्यात हरला. स्वतःच्याच लोकांनी त्यांना घरभेदी ठरवलं, पण त्याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. बायको गेल्यावर या एवढ्या मोठ्या इमारतीत "जेवलास का रे?" असं विचारणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

"तो सोडेल हो," मास्तर म्हणाले. "मला सोडता येत नाही."

प्रतोद कपाळावर हात मारून आत पळाला. घंटा थांबली, दारं लागली.

मतं समसमान पडली. अशा वेळी अध्यक्षांनी आपलं मत 'आहे तसंच राहू द्या' या बाजूने टाकायचं असतं. त्यांनी ते टाकलं आणि सरकार कसंबसं तगलं. बाहेर पडताना मास्तरांच्या पक्षातलं कोणीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी ते इस्पितळात गेले. वकिलांनी डोळे उघडले.

"गेलास ना आत?"

"गेलो की."

"मग तिकीट पक्कं." वकिलांनी दम घेतला. "मतं समसमान पडली म्हणे."

"हो ना. थोडक्यात वाचलो."

"मी इथे, म्हणजे तुमचं एक मत जास्त. तू गेला असतास तर पडली असती का रे समसमान?"

मास्तर त्यांची चादर नीट करू लागले.

"गाढवा," वकील म्हणाले आणि चादरीखालून हात काढून त्यांच्या हातावर ठेवला. "जेवलास का?"

पुढच्या आठवड्यात सभागृह वकिलांसाठी दोन मिनिटं उभं राहिलं आणि त्या दिवसाचं काम तहकूब झालं. दुसऱ्या दिवशी कसल्याशा किरकोळ विधेयकावर मतदान निघालं. घंटा वाजायला लागली तसे मास्तर सवयीने उठले, बाहेर आले आणि बाकावर बसले. खासदार एकेक करून आत जात होते. दाराच्या कडीवर हात ठेवून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शिपायाने त्यांना पाहिलं. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "साहेब, आता तुम्हाला आत जायला लागतं."

"हो रे. खरंच की," मास्तर म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.