दोन हातांवरून

“मान वर काढू नकोस रे लेकरा. चेंडू पडला की नाही, ते कानांना कळू दे.”

बापाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी हेक्टर रेनी काठी धरून वाकला की हा आवाज मानेमागून येई. गोल्फ क्लबच्या पायरीलगतच्या सरावाच्या हिरवळीवर त्याने ब्याण्णवावा चेंडू हलकेच ढकलला. टप्. मान खालीच. मग त्र्याण्णवावा. खळगा अवघ्या दोन हातांवर. चेंडूपाशी दोन खुंट्या रोवलेल्या. काठी त्यांच्यामधून सरळ जावी, मनगट मोडू नये. अख्खा हिवाळा तो असाच वाकला होता. पाठ कुरकुरत होती, समुद्राच्या वाऱ्याने बोटांची लाकडं झाली होती.

“चल की! का खळगा बुजवूनच येतोस?” फाटकातून वॅटी ओरडला.

वॅटी म्हणजे शेजारी, आणि दर शनिवारचा प्रतिस्पर्धी. सत्तावीस वर्षांपूर्वी मात्र गावच्या चषकाच्या अंतिम सामन्यात दोघं जोडीने खेळले होते, एकाच चेंडूला आळीपाळीने मारत. शेवटच्या खळग्यापाशी वॅटीने गुडघ्यावर बसून उतार पाहिला, बोटाने डावी कड दाखवली. हेक्टरने मारला. चेंडू कडेला चाटून निसटला, चषकही गेला. दोन हातांवरून! पबमध्ये कुणाचा ग्लास सांडला की अजून कुणीतरी म्हणे, “हेक्टरचा हात लागला वाटतं.”

तेव्हापासून हेक्टरचा चेंडू खळग्याजवळ आला रे आला की वॅटी म्हणायचा, “दिला. उचल.” समोरच्याने दिला म्हटलं की मारावा लागत नाही, पडला असंच धरतात. इतकी वर्षं हेक्टर मुकाट्याने उचलत आला होता. प्रत्येक वेळी खिशात जरा जडच काहीतरी पडे.

चार तासांनी अठराव्या, शेवटच्या खळग्यापाशी दोघं बरोबरीत उभे होते. हेक्टरचा चेंडू दोन हातांवर.

“दिला. उचल.”

“देऊ नकोस.”

“अरे, गारठून मरायचंय का? सूप निवतंय तिकडे.”

“निवू दे. आज मला मारू दे, वॅटी. चुकला तर काठ्या माळ्यावर. मग शनिवारी तू एकटाच फिर.”

वॅटीने खळग्यातलं निशाण उपसून काढलं. निशाणाच्या दांडीवर त्याची मूठ आवळली.

हेक्टर वाकला. काठी मागे गेली, पुढे आली.

टप्.

मान खालीच. आता टोमणा येईल म्हणून तो थांबला. आला नाही. वॅटी कण्हत गुडघ्यावर बसला, खळग्यातून चेंडू काढला, विजारीला पुसला. पण दिला नाही.

“हेक,” तो चेंडूकडेच बघत म्हणाला, “त्या दिवशीही तू मान वर काढली नव्हतीस. चेंडू मी दाखवला तिथूनच गेला. उतार मीच उलटा वाचला होता... मला तेव्हाच कळलं होतं.”