भरतीगणिक एक थेंब

धर्माचा कान माहीमच्या कोळीवाड्यात नावाजलेला. वल्हं पाण्यात खोचून दांड्याला कान लावला, की खाली घोळ माशांचा आवाज कुठे घुमतो आहे ते तो सांगे, आणि जाळं तिथेच पडे. पण त्याला आता प्रवाशांच्या लहान आगबोटीवर सुकाणू धरणारा सारंग व्हायचं होतं. त्यासाठी बंदरातल्या साहेबापुढे सगळे दिवे, बोये आणि इशारे तोंडपाठ म्हणावे लागत. दोनदा तो सातव्या दिव्यापाशी अडकून परत आला होता.

"माझ्या डोक्याला भोक हाय," तो बायकोला म्हणाला.

"मग बुजवू की," मंजुळा म्हणाली.

गिरगावातल्या एका वैद्यानं मालकांगणीचं तेल दिलं. अवसेला दुधातून एक थेंब, मग रोज एक वाढवायचा, पुनवेनंतर तसाच उतरवायचा. मासळी बंद.

"कोळ्याला मासळी बंद? मग अक्कल घेऊन करू काय?" धर्मा कुरकुरला, पण कबूल झाला.

थेंब मोजायचं काम मंजुळेकडे. परीक्षा पुनवेला होती. घरात सगळंच भरती-ओहोटीवर चाले. औषध तरी वेगळं कशाला? तिनं रोज नव्हे, भरतीगणिक, म्हणजे दिवसाला दोनदा, एक थेंब वाढवला.

गुण आला. आठव्या दिवशी धर्मानं सगळे दिवे सुलटे म्हटले, मग उलटे म्हटले.

"चार वर्सांमागं तू आईला काय बोललीस, तेपन आठवलं."

"अगंबाई! थेंब कमी करू का?" ती हसली.

पण त्याची झोप उडाली, तळपाय जळू लागले, कानात रातकिडे किरकिरू लागले. परीक्षेला सातच दिवस उरले होते. मंजुळेनं मन घट्ट केलं आणि थेंब वाढवतच नेले.

धर्मा पास झाला. वाडीत साखर वाटली. थेंब उतरले, मग बंद झाले. महिन्याभरात झोप परतली, जळजळ थांबली. रातकिडे मात्र गेले नाहीत.

येत्या मंगळवारी त्याला आगबोटीवर हजर व्हायचं होतं. आदल्या रविवारी मंजुळा म्हणाली, "मला होडीतून ने."

वाडीतल्या बायका होडीत बसत नसत. पण तिचा चेहरा पाहून त्यानं नेलं. खाडीच्या तोंडाशी त्यानं वल्हं खोचलं, कान लावला.

"आज घोळ नाय."

मंजुळेनं त्याला बाजूला सारून आपला कान लावला. खाली डराव डराव चाललं होतं, ओल्या खाचरातल्या बेडकांसारखं. तिच्या अडाणी कानालाही कळत होतं. 'खरंच नाय' एवढं बोलली असती, तर मंगळवार सुखाचा गेला असता.

"हाय," ती म्हणाली. "रग्गड हाय."

धर्मानं पुन्हा कान लावला. मग पुटपुटला, "धुक्यात समोरून शिट्टी आली तर काय करायचं, पाठ हाय मला."

"आधी ती ऐकू यायला हवी."

मग तिनं थेंबांचं सांगून टाकलं, मान खाली घालून.

तो ओरडला नाही. त्याचे ओठ क्षणभर हलले.

"अवसेपासनं पुनवेपत्तुर एकोणतीस भरत्या. रोज थोडी उशिरा येते ना, म्हनून तीस नाय," तो म्हणाला. "वैद्य पंधरा म्हनालेला."

इतका चोख हिशेब त्यानं आयुष्यात कधी केला नव्हता. मंजुळेला रडू आलं.

 धर्मानं वल्ह्याचा दांडा तिच्या हातात दिला.

"मंगळवारी मी जात नाय. नीट ऐक. जाळं कुठं टाकू?"