टेकूच्या नावावरची चूक

बहिणीने चहाच्या कपाशेजारी खोडरबर आणून ठेवलं.

"दादा, एवढं एक कर. पुस्तक छापायला जायच्या आत."

दादाने चष्मा पुसला, मग पुसलेलाच पुन्हा पुसला. विद्यापीठाच्या बेसबॉल संघाला पन्नास वर्षं होत होती. संघाचा इतिहास लिहायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं, कारण विद्यार्थी असताना तो संघाचा गुणलेखक होता आणि जुन्या नोंदवह्या त्यानेच जपल्या होत्या. त्यातलं एक पान चाळीस वर्षं या घरात कुणी उघडलं नव्हतं. अंतिम सामना, शेवटचा डाव. चेंडू टेकूच्या पायांमधून मागे गेला आणि करंडक हातचा गेला. असा सुटलेला चेंडू क्षेत्ररक्षकाची चूक की फलंदाजाचा फटका, हे बेसबॉलमध्ये गुणलेखक ठरवतो आणि चूक असेल तर क्षेत्ररक्षकाच्या नावावर लिहितो.

तीन वर्षं राखीव बाकाला टेकून बसला म्हणून तो टेकू. त्या दिवशी एकाचा खांदा निखळला, म्हणून बिचारा मैदानात उतरला होता. पुढे याच बहिणीशी त्याचं लग्न झालं. चूक मात्र वहीत तशीच राहिली, पेन्सिलने, दादाच्या वळणदार अक्षरात.

"चेंडू खड्ड्यात आपटून वळला होता," दादा म्हणाला. "मी पाहिलं होतं. फलंदाजाचा फटका म्हणूनच लिहायला हवं होतं. पण टेकू माझा मित्र. लोक म्हणतील, याने झुकतं माप दिलं. म्हणून चूक लिहिली."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना त्याला लाज वाटली.

"आणि हे अजून त्या मैदानाच्या रस्त्याने जात नाहीत," बहीण म्हणाली.

"तिकडे चढ आहे," दारातून टेकूचा आवाज आला. "गुडघे दुखतात माझे."

भाजीची पिशवी खाली ठेवून तो खुर्चीत बसला. पुस्तकासाठी टाइप केलेलं त्या सामन्याचं पान त्याने हात लांब करून सावकाश वाचलं.

"फटका लिहिलास, तर इथे काय छापणार?"

"त्यांच्या फलंदाजाचं नाव."

"आणि मी?"

"फटक्यात क्षेत्ररक्षकाचं नाव लागत नाही."

"बाकी कुठे आहे का मी?"

दोनशे पानं दादानेच लिहिली होती. त्याला चाळून बघायची गरज नव्हती.

"राखीव खेळाडूंच्या यादीत घालतो ना तुला," तो घाईने म्हणाला.

"नको रे. यादीत मी पुन्हा बाकावरच. इथे मैदानात आहे."

"अहो, पण चूक तुमची नव्हतीच!" बहिणीचा आवाज चढला.

"नव्हतीच. मला तेव्हाच ठाऊक होतं." टेकूने पान दादापुढे सरकवलं. "राहू दे तसंच. फक्त टेकू नको लिहूस. पूर्ण नाव घाल, वडिलांच्या नावासकट."