फेस वाळेपर्यंत

माझा नवरा गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावलेला असताना बोलत नाही. बोलायचं असेल तर तो वस्तरा उचलतो, एक पाऊल मागे सरतो, आरशातून गिऱ्हाइकाकडे बघतो आणि मग तोंड उघडतो. ही शिस्त सासऱ्यांची. त्यांनी ती दोन्ही मुलांना लावली होती. धाकट्याने सोडून दिली, थोरल्याने जपली. आमच्या दुकानातल्या दोन खुर्च्यांचं पुढे जे काही झालं, त्याचं मूळ मला तरी यातच दिसतं.

कारण नवऱ्याचं मत कधी एका वाक्यात मावायचं नाही. कुणी काही विचारलं की "तुमचं खरं आहे" म्हणून तो एक गाल करणार, मग वस्तरा उचलून "पण..." म्हणणार. त्या पणमागे आणखी एक पण असायचा. तोवर दुसऱ्या गालावरचा फेस वाळून त्याचा पापुद्रा धरायचा आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी आरशात स्वतःकडे बघत बसायचं. लोकांनी त्याचं नाव पणराव ठेवलं होतं. त्याला ते माहीत होतं आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते मला.

धाकट्याचं, म्हणजे भाऊजींचं, उलटं. त्यांचं मत वस्तऱ्याबरोबरच चालायचं. एक हात खाली आला की एक वाक्य. "हाकलून द्या." सर्र. "तुरुंगात टाका." सर्र. गिऱ्हाईक खूश. हलका हात थोरल्याचा, हे बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी सगळे धाकट्याच्या खुर्चीसाठी ताटकळत बसत आणि थोरल्याची खुर्ची रिकामी राही. मी गल्ल्यावर बसते, टॉवेल धुते, घड्या घालते आणि बघते. मला विचाराल तर माणसं आमच्याकडे दाढी करायला येतच नाहीत. ती येतात आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून, जरा मोठ्या आवाजात ऐकायला.

आमचं दार आणि शेजारचं औषधांचं दुकान यांच्यामध्ये फुटपाथवर कंगवेवाली बसायची. एक फळी, त्यावर कंगवे, नेलकटर, हातरुमाल, छोटे आरसे. मी लग्न होऊन या दुकानात आले तेव्हापासून ती तिथेच. तिचं घर त्या फळीवर चालायचं. दुपारी ती आत यायची आणि आम्ही दोघी मागच्या मोरीपाशी बसून एकाच डब्यात जेवायचो. दुकानाची चावी मी घरच्यांपेक्षा तिच्याकडे बिनधास्त सोडत असे.

मग औषधवाल्याची आई फुटपाथवरून पडली. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी तो भाऊजींच्या खुर्चीत बसला तो धुमसतच.

"हे सगळे फेरीवाले उठवले पाहिजेत. एकूण एक."

"एकूण एक!" भाऊजी म्हणाले. सर्र.

बाकावर वरच्या मजल्यावरचे मास्तर बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग लागायचा, तो आमच्या दुकानात मिळायचा. ते उभेच राहिले. "गरिबाच्या पोटावर पाय? एकाला हात लावून दाखवा. इथून एक इंचही कुणी हलणार नाही!"

बाकावर टाळ्या पडल्या. गंमत म्हणजे औषधवाल्याला मान डोलावणारेच मास्तरांनाही टाळ्या वाजवत होते. दोघंही झकास बोलले होते ना.

नवऱ्याने वस्तरा उचलला. एक पाऊल मागे.

"आईंना लागलं ते फार वाईट झालं," तो औषधवाल्याला म्हणाला. "पण मी दारातच होतो. त्या तुमच्या दुकानाच्या उभ्या पाटीला वळसा घालत होत्या. पाटी फुटपाथच्या मधोमध असते. पलीकडे मास्तरांची सायकल कठड्याला बांधलेली. समोरून माणूस आला, आणि आईंचा पाय कडेवरून गेला." मग त्याने आपला तोडगा सांगितला. फेरीवाल्यांनी भिंतीला लागून हातभर जागेत बसायचं. दुकानदारांनी पाट्या आत घ्यायच्या. सायकली कठड्याला बांधायच्या नाहीत. मधून दोन माणसं सहज जातील एवढी वाट राहते, मी मापून बघितलंय, असंही म्हणाला.



"म्हणजे चूक माझी?" औषधवाला म्हणाला.

"आणि मी सायकल कुठे ठेवू? डोक्यावर?" मास्तर म्हणाले.

त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला तेव्हाच कळलं की हा माणूस हरणार. औषधवाल्याच्या म्हणण्यात फक्त फेरीवाल्यांना उठायचं होतं. मास्तरांच्या म्हणण्यात फक्त दुकानदारांना गप्प बसायचं होतं. माझ्या नवऱ्याच्या म्हणण्यात सगळ्यांनाच काहीतरी उचलून आत ठेवायचं होतं. स्वतःची पाटी आत घ्यायला लावणाऱ्या मताला टाळ्या कोण वाजवणार? दुसऱ्याला शिव्या घालायला मिळतात तिथे माणूस जीव ओवाळून टाकतो, आणि स्वतःला जरा सरकायला सांगितलं की त्याच्या कपाळावर आठ्या.

पालिकेचा अधिकारी येऊन गेला. माणूस बरा होता. म्हणाला, सोमवारी पुन्हा येतो. रस्त्यावरच्या सगळ्यांना मान्य असेल असं काही ठरवलंत तर तसं करू, नाहीतर फुटपाथ सरसकट मोकळा करणं एवढंच माझ्या हातात आहे. म्हणजे गोष्ट सरळ होती. नवऱ्याचा तोडगा मान्य झाला तर कंगवेवालीची फळी राहणार, नाहीतर जाणार.

मी दुपारी डबा उघडताना तिला म्हटलं, "सोमवारी तू फक्त हो म्हण. भिंतीला लागून बस, वर आमचं छप्पर आहेच. तू हो म्हणालीस की बाकीचे म्हणतील."

ती घास हातात धरून बसली. "मास्तर म्हणतात, एकदा भिंतीला चिकटलीस की संपलीस. आज हातभर, उद्या गटारात."

"मास्तर आपल्या गॅलरीत बसून बोलतात गं. फळी तुझी आहे."

"ते माझ्यासाठी पालिकेच्या ट्रकपुढे आडवे पडणार आहेत. चारचौघांत बहीण म्हणाले मला. आणि तुझा नवरा मला काय देतोय? हातभर जागा!"

"हातभर जागा म्हणजे जागा असते."

"असेल. पण मला कुणी इतकं मोठं कधी केलं नव्हतं," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं एका डब्यात जेवलो, त्याला काय म्हणायचं मग? मी तिला कधी बहीण म्हटलं नाही हे खरं, मला गरज वाटली नव्हती. मी तसं म्हणालेही. तिने घास खाली ठेवला आणि हात धुऊन बाहेर गेली.

सोमवारी दुकान गच्च भरलं. अधिकाऱ्याला माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसवलं, कारण रिकामी तीच होती. औषधवाला आईचं प्लास्टर सांगून आधी रडवेला झाला आणि मग गरजला. मास्तर तर आधीपासूनच गरजत होते. मग नवरा पुढे झाला. हातात वस्तरा नव्हता तरी सवयीने एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "दोघांचंही..."

"पणराव, फेस वाळला!" बाकावरून कुणीतरी ओरडलं.

हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने भाऊजी हसले. तरी नवऱ्याने आपलं म्हणणं पुरं केलं, हे त्याला मानलं पाहिजे. अधिकाऱ्याने मान हलवली. "हे होण्यासारखं आहे. कुणाकुणाला मान्य?"

मी हात वर केला. आणखी एक-दोन हात अर्धे वर येऊन डोकं खाजवायला गेले. मास्तर कंगवेवालीकडे वळले. "ताई, सांगा त्यांना."

ती दारात उभी होती. तिने पदर खोचला आणि ठणकावून म्हणाली, "एक इंच हलणार नाही!"

काय टाळ्या पडल्या! औषधवाल्याच्या चेहऱ्यावर मला सुटकेचा भाव दिसला. त्याला आता वाद घालायचीही गरज उरली नव्हती. अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "मग माझं काम सोपं झालं."

ट्रक आला तेव्हा मास्तर गॅलरीतून भाषण करत होते. त्यांची सायकल मात्र सकाळीच आत गेली होती. कंगवेवालीने मान वर करून त्यांना दोनदा हाक मारली. त्यांनी आवाज आणखी चढवला. मी धावत जाऊन तिच्या फळीचं एक टोक धरलं. ट्रकवरचा माणूस म्हणाला, सोडा बाई, आणि मी सोडलं. कंगवे गटाराच्या कडेने विखुरले. मी गोळा करायला वाकले तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. तुमचं झालं ना मनासारखं?"

नंतर मास्तर आणि औषधवाला आमच्या बाकावर मांडीला मांडी लावून बसू लागले. मास्तर म्हणायचे, पणरावांनी फूट पाडली म्हणून लढा मोडला. औषधवाला म्हणायचा, ते आतून फेरीवाल्यांचेच होते. दोघं एकमेकांना माना डोलवायचे. औषधवाल्याची पाटी आता फुटपाथच्या कडेपर्यंत आली होती. आणि नवऱ्याच्या खुर्चीकडे कुणी फिरकेना.

एका सकाळी भाऊजी म्हणाले, "दादा, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी खुर्ची नुसतीच पडून असते. तिथे दुसरा कारागीर बसवू या. तू टॉवेल-बिवेल बघ. वहिनींनाही मदत होईल."

नवऱ्याने वस्तरा पुसून ठेवला. "बघू," म्हणाला. मी त्याला मोरीपाशी गाठलं. "अरे, बोल ना काहीतरी त्याला!"

"बोलत तर होतो," तो म्हणाला. "एवढी वर्षं."

त्याच आठवड्यात औषधवाला घाईत आला. भाऊजींच्या खुर्चीत माणूस होता, म्हणून नाइलाजाने नवऱ्याच्या खुर्चीत बसला. नवऱ्याने फेस लावला. औषधवाला डोळे मिटून म्हणाला, "आता हे फेरीवाले पुढच्या चौकात बसायला लागलेत. आपली कंगवेवालीही असते, ताट गळ्यात अडकवून. काय करावं म्हणता?"

वस्तरा गळ्याला होता. तो उचलला जाईल म्हणून मी हातातला टॉवेल तसाच धरून थांबले. बाकावरचेही कंटाळून थांबले.

वस्तरा उचलला गेला नाही.

"उचलून फेका," माझा नवरा म्हणाला. सर्र. "एकूण एक." सर्र.

जबड्याखाली लाल रेघ उमटली. इतक्या वर्षांत त्याच्या हातून कुणाला लागलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याने घाईने तुरटी काढली, पण औषधवाल्याने त्याचा हात बाजूला सारला. आरशात तो हसत होता. रक्ताचा ओघळ मानेवरून खाली येत होता आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

"राहू द्या हो, दाढी म्हटली की लागतंच थोडं. पण आज बोललात बुवा! इतके दिवस कुठे होतात?"

बाकावर टाळ्या पडल्या. भाऊजी म्हणाले, "शाब्बास, दादा!" औषधवाला उठला, तसा भाऊजींसाठी थांबलेला एकजण उठून आपण होऊन नवऱ्याच्या खुर्चीत येऊन बसला. त्याच्यामागे दुसरा सरकला. नवऱ्याने कापड झटकलं, त्याच्या गळ्याभोवती बांधलं. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

मी रक्ताचा टॉवेल उचलून मोरीवर गेले. मला त्याची चीड आली होती, शिसारी आली होती. मागच्या दाराने जाऊन चौकात तिला सांगावं, ऊठ बाई, इथेही ट्रक येईल, असं मनात आलं. मग बाहेर पुन्हा हशा पिकला, आणि माझ्या मनात आलं की चला, खुर्ची तर वाचली. मी नळ सोडला आणि टॉवेल चोळायला घेतला.