वादळ आणि मापाची वही

रेडिओवाला म्हणाला, टोर्नॅडो झाला, पण अगदी कमकुवत. कमकुवत म्हणे. त्याच्या घरात शिरला असता म्हणजे कळलं असतं.

बाहेर वादळाने फार काही केलं नाही, कबूल. दातांच्या डॉक्टरांची पाटी उचलून बेकरीच्या दारावर लटकवली. माझ्या दुकानातला पुतळा नेऊन बसस्टॉपवर उभा केला, आणि त्याच्यामागे दोघांनी रांगही लावली. दुकानात कात्र्या होत्या, कापडाचे तागे होते. पण मेल्याला नेमकी मापाची वहीच हवी होती.

मी बायकांचे कपडे शिवते. अठ्ठावीस वर्षांत एकाही बाईला मी तिची खरी कंबर सांगितलेली नाही. तोंडाने चौतीस म्हणायचं, वहीत अडतीस लिहायचं आणि शिवायचं वहीप्रमाणे. बाई खूश. म्हणते, तुझ्या हातात जादू आहे. जादू कसली, चार इंचांची थाप.

वहीसुद्धा मीच शिवलेली, तीही कच्च्या टाक्यांनी. उद्या पक्की करू म्हणता म्हणता सात वर्षं गेली. वादळाने एक हिसका दिला आणि पानं गावभर झाली.

बाकीच्यांचं मी निस्तरलं असतं. धास्ती होती नणंदेची. दुकान तिच्याच घराच्या तळमजल्यावर. माझ्याआधीचा घड्याळजी तिला, "हल्ली तब्येत छान सुधारलीय," एवढंच म्हणाला, तर तिने त्याला सामानासकट बाहेर काढलं होतं. आणि तिच्या पानावर नुसता आकडा नव्हता, माझा शेराही होता. तशी ती मिजासखोरच. मी शिवलेला झगा घालून कुठे गेली की कार्यक्रम संपेपर्यंत उभी राहते, खुर्चीला शिवत नाही.

सकाळपासून पानं वेचत फिरले. बेकरीवाल्याने एक पान माझ्या हातात ठेवलं.

"माझ्या बायकोचं आहे," तो म्हणाला. "मी पाहिलेलंच नाही."

झाडावरून, गटारातून, पाळणाघराच्या कुंपणावरून त्रेसष्ट पानं मिळाली. नणंदेचं काही मिळेना.

दुकानात परतले तर ती मशीनपाशी उभी, हातात पान.

तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "वन्सं. कंबर अडतीस. चौतीस सांगणे. खरं कळलं तर चार दिवस जेवणार नाहीत."

"वन्सं, ते मी आपलं..."

"गप्प बस. हे साफ चुकीचं आहे."

संपलं, म्हटलं मनात. आता मशीन कुठे ठेवायचं याचाच विचार करायचा.

तिने दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला आणि आवाज खाली आणला. "अडतीस नाहीये. तू टेप लावलास की मी श्वास आत ओढून धरते. दर वेळी. मग झग्यात बसता येत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, वहिनी. पाय मोडून आलेत माझे उभं राहून राहून."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. इतकी वर्षं मी तिला सांभाळत होते आणि ती मला.

"घे माप," ती म्हणाली, आणि तिने श्वास सोडला. तो बराच वेळ सुटत राहिला. टेप बेचाळीसवर थांबला.

"किती?" तिने विचारलं.

"चौतीस."

"वाटलंच मला," ती म्हणाली. "लिहून ठेव. आणि वही आता पक्की शिव."