कुटुंबप्रमुखाचे कार्ड

‘अमेरिकेच्या आरंभकाळातील स्त्रीजीवनावरील अनुवादित रहस्यकादंबऱ्या गेल्या दहा वर्षांत एकाही महिला सभासदाने नेलेल्या नाहीत. सबब ही सतरा पुस्तके रविवारी रद्दीत काढण्यात येतील.’

वाचनालयाच्या फळ्यावरील या सूचनेत एक शब्दही खोटा नव्हता. महिला सभासद मुळात तीनच, त्याही विधवा झाल्यावर कार्ड मिळालेल्या. पैकी दोघी दफनभूमीत, तिसरी कॅनडात लेकीकडे. घराला एकच कार्ड आणि तेही कुटुंबप्रमुखाच्या नावे, असा नियम करणाऱ्यांनीच पुढे बायका वाचत नाहीत, असा शोध लावला होता. हात बांधायचे आणि मग टाळी का वाजली नाही, म्हणून विचारायचे!

सूचनेखाली अध्यक्षांची सही होती. अध्यक्ष म्हणजे फ्लॉसीचा नवरा, गॉडफ्रे.

नंदाखाल गावापासून पापडीपर्यंतच्या नवऱ्या मुली फ्लॉसीकडे लग्नाचे गाऊन शिवून घेत. सतरावे पुस्तक तिच्याच पिशवीत होते. त्यातल्या बॉस्टनच्या शिवणकरणीने मृताच्या कोटाचे टाके पाहून खुनी डावखुरा असल्याचे ओळखले होते. फ्लॉसीने ते तिच्याआधी तीस पाने ओळखले आणि मशीनवर एकटीच हसली होती. आता न्यायालय त्या बाईचे ऐकते की नाही, एवढेच कळायचे होते. चाळीस पाने उरली होती, आणि रविवार उजाडला होता.

चर्चमध्ये मिस्सा आटोपून वाचनालयात कार्यकारिणी बसली. रद्दीवाल्याने पुस्तके मोजली, सोळाच भरली. नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपाल अश्लेषाने नोंदवही उघडली.

“सतरावं बाहेर आहे, सर. आणि बाकीची सोळा तर सहा-सहा वेळा गेलीत. सगळी एकाच कार्डावर. तुमच्या.”

“माझ्या?” गॉडफ्रे उडालाच. “मी पेपरात फक्त मयतांच्या बातम्या वाचतो!”

“मग खुनाची गोडी तिथूनच लागली असणार,” खजिनदार सेबॅस्टियन म्हणाला. हशा पिकला.

गॉडफ्रे लाल झाला. “कोणीतरी माझं कार्ड चोरून वापरलंय. नाव कळू दे, वाचनालयाची पायरी चढू देणार नाही!”

फ्लॉसी दारातच उभी होती. जुने ग्रंथपाल समजत, ती नवऱ्यासाठी पुस्तके नेते. नवरा समजे, मेरीमातेच्या कॅलेंडरचे कव्हर आहे म्हणजे प्रार्थनेचेच पुस्तक. ती आत आली, पुस्तक टेबलावर ठेवले आणि कव्हर उतरवले. घट्ट गाऊनची चेन उघडावी, तसा तिचा श्वास मोकळा झाला.

“चोरून कसलं? रोज तुझ्यासमोर बसून वाचली. दहा वर्षं. मीच. आता माझ्या नावाचं कार्ड कर आणि हे पुस्तक त्याच्यावर लिही. अजून चाळीस पानं राहिलीत.”